फोर्टची पदभ्रमंती : बेळगावच्या एका पतसंस्थेचा अनुभव

मुंबईच्या फोर्ट भागात पैशाचा व्यवहार कसा रुजला आणि वाढला, हे रस्त्यावरून चालता चालता समजावून सांगणारी एक पदभ्रमंती तिथली एक छोटी संस्था शुल्क घेऊन चालवते. बेळगावातील आमच्या पतसंस्थेचे संचालक आणि कर्मचारी अशा आम्ही सर्वांनी मिळून ती नोव्हेंबरातल्या सहकार सप्ताहानंतर केली. आपल्याकडच्या सोसायट्यांचे अभ्यास दौरे बहुधा कोल्हापूर किंवा वारणानगर भागातली एखादी नमुनेदार संस्था पाहून आणि देवदर्शन करून संपतात. त्या दौऱ्यांचा उपयोग नाही असे मी म्हणणार नाही. तरीही ज्या माणसाचे आयुष्य ठेवी, कर्जे आणि वसुली यांच्यात गेले, त्याने या देशात शेअर, बँक आणि नोट यांचा आधुनिक व्यवहार जिथे आकाराला आला त्यांपैकी एक जागा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी, असे मला फार वर्षांपासून वाटत होते. सेवा कशी होती, तिच्यात काय उत्तम आहे आणि बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या माणसाला तिच्यात काय कमी जाणवेल, हे सविस्तर लिहावे म्हणून हा लेख आहे.

नोंदणी फोनवरून होते आणि आधीच सांगितले तर मराठीतून बोलणारा मार्गदर्शक दिला जातो. ही सोय महत्त्वाची आहे, कारण आमच्यातील ज्येष्ठ संचालकांना इंग्रजी वाचता येते, पण वायदा, हप्ता, तारण असे विषय परक्या भाषेत तीन तास ऐकणे त्यांना जड गेले असते. आमच्याबरोबर आलेल्या मार्गदर्शिका वयाने तरुण, इतिहासाच्या अभ्यासक आणि स्वच्छ मराठी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी पाठांतर म्हणून काहीही सांगितले नाही. प्रश्न विचारला की त्या थांबत, आणि उत्तर माहीत नसेल तर तसे सरळ सांगत. रस्त्यावरच्या गोंगाटात मागच्या माणसालाही ऐकू यावे म्हणून प्रत्येकाला कानात घालायचे छोटे यंत्र दिले होते आणि ते शेवटपर्यंत नीट चालले.

सुरुवात हुतात्मा चौकातून होते. दादरला बसमधून उतरणाऱ्यांना आता भुयारी मेट्रोने थेट हुतात्मा चौक स्थानकावर येता येते, त्यामुळे सकाळची धावपळ वाचते. फ्लोरा फाउंटनचे कारंजे १८६४ सालचे आहे आणि ते जिथे उभे आहे तिथे, किंवा अगदी जवळ, किल्ल्याचे चर्च गेट होते. 'फोर्ट' हे नाव आपण सहज उच्चारतो, पण तिथे आज तट कुठेही दिसत नाही, म्हणून अपोलो गेट, चर्च गेट आणि बाजार गेट या तीन दरवाजांच्या जागा जुन्या नकाशावर बोट ठेवून दाखवण्याची त्यांची पद्धत मला फार आवडली. तटाच्या आतल्या दक्षिण भागात इंग्रजांची घरे आणि कचेऱ्या, तर उत्तरेला बाजार गेटच्या बाजूला पारशी, गुजराती आणि इतर देशी व्यापाऱ्यांची दाट वस्ती होती. १८०३च्या मोठ्या आगीत याच उत्तर भागाचे अतोनात नुकसान झाले. १८६२ मध्ये गव्हर्नर म्हणून आलेल्या सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत तट पाडले गेले, तेव्हा शहराला केवळ मोकळी जागा मिळाली नाही, तर विकता येईल, गहाण ठेवता येईल आणि जिच्यावर सट्टा खेळता येईल अशी जमीन मिळाली. ही गोष्ट त्यांनी ज्या स्पष्टपणे मांडली, तशी मी पूर्वी कुठे ऐकली नव्हती.

हुतात्मा चौकात आमचा गट ठरल्यापेक्षा जास्त वेळ थांबला आणि त्याचे कारण सीमाभागातील कोणालाही सांगावे लागणार नाही. मशाल धरलेल्या शेतकरी आणि कामगाराच्या शिल्पासमोर आमच्यातल्या ज्येष्ठांनी चपला काढून हात जोडले. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी या परिसरात संयुक्त महाराष्ट्रासाठी आलेल्या जमावावर गोळीबार झाला होता, आणि आपल्याकडे १७ जानेवारीचा हुतात्मा दिन १९५६च्या गोळीबाराच्या स्मरणार्थ पाळला जातो. मार्गदर्शिकाबाईंनी घाई केली नाही, घड्याळाकडे पाहिले नाही, आणि मागून आलेल्या दुसऱ्या गटाला बाजूने जायला सांगितले. अशा जाणिवेची किंमत शुल्कात धरलेली नसते.

तिथून वीर नरिमन रस्त्याने पुढे गेले की सेंट थॉमस कॅथेड्रल लागते. १७१८ साली उपासनेसाठी खुले झालेल्या या चर्चवरूनच चर्च गेटला नाव पडले आणि जुन्या मुंबईतील मैलांचे दगड याच चर्चपासून अंतर मोजत. त्यापुढचे हॉर्निमन सर्कल हा या सहलीचा सर्वांत देखणा टप्पा आहे. पूर्वी इथे बॉम्बे ग्रीन नावाचे मोकळे पटांगण होते आणि १८४४ मध्ये कुलाब्याला कापसाची वेगळी जागा होईपर्यंत कापसाच्या गासड्या याच पटांगणावर येऊन पडत. पुढे पोलीस आयुक्त चार्ल्स फॉर्जेट यांच्या कल्पनेतून इथे एल्फिन्स्टन सर्कल आखले गेले, भूखंड विकून पैसा उभा करण्यात आला आणि एकसारख्या कमानींच्या इमारतींचे हे वर्तुळ १८७२ च्या सुमारास पूर्ण झाले. बँका, विमा कंपन्या आणि व्यापारी पेढ्यांसाठी जाणूनबुजून आखलेला हा परिसर आहे, हे लक्षात ठेवून पाहिले तर त्या कमानींचा अर्थच बदलतो. पावसात आणि उन्हात एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत कागद घेऊन धावणाऱ्या माणसांसाठी त्या होत्या. स्वातंत्र्यानंतर या चौकाला 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांचे नाव मिळाले. १९१९ साली सरकारने त्यांना हद्दपार केले होते. शेजारच्याच लाल इमारतीत १८२२ पासून निघणारे 'मुंबई समाचार' हे गुजराती दैनिक आहे.

वर्तुळाच्या पूर्वेला टाउन हॉलच्या पायऱ्या आहेत. १८३३ मध्ये पूर्ण झालेल्या या इमारतीसाठी सुरुवातीला लॉटरीतून पैसा उभा करण्याचा प्रयत्न झाला होता, ही माहिती आमच्या लेखापालांना विशेष भावली. शेजारी टांकसाळ, पलीकडे रिझर्व्ह बँक. १ एप्रिल १९३५ रोजी स्थापन झालेल्या रिझर्व्ह बँकेचे मध्यवर्ती कार्यालय १९३७ मध्ये कलकत्त्याहून कायमचे मुंबईला आले. आत जाता येत नाही आणि फोटोलाही मनाई असते, म्हणून हा टप्पा थोडक्यात आटोपतो, ते योग्यच आहे.

टाउन हॉलसमोरच्या वडाच्या झाडांखाली १८५०च्या दशकात मूठभर दलाल शेअर घेऊ-विकू लागले, तिथून या पदभ्रमंतीचा खरा गाभा सुरू होतो आणि इथे त्या बाईंची तयारी दिसते. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांचा तीन-चतुर्थांशाहून अधिक कापूस तोवर अमेरिकेतून येत होता. तो थांबताच मुंबईच्या कापसाचे भाव कित्येक पटींनी चढले आणि आलेला पैसा ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा तो नव्या बँकांत, वित्त कंपन्यांत आणि समुद्र बुजवून जमीन काढण्याच्या योजनांत शिरला. बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० पर्यंत गेला. या सगळ्याच्या केंद्रस्थानी प्रेमचंद रायचंद हे दलाल होते. १८६५च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतले युद्ध संपल्याची वार्ता आली, कापूस कोसळला, आणि १ जुलैला वायद्यांची पूर्तता करायची वेळ आली तेव्हा देणेकऱ्यांकडे देण्यासारखे काहीच नव्हते. १८४० मध्ये स्थापन झालेली बँक ऑफ बॉम्बे, जिच्यात सरकारचे भांडवल होते, तीही १८६८ मध्ये बुडाली. शेअरच्या तारणावर शेअर घेण्यासाठी कर्ज देणे हे तिच्या बुडण्याचे मोठे कारण होते. हे वाक्य ऐकून आमच्या कर्ज समितीचे सभासद एकमेकांकडे पाहू लागले, आणि नंतरच्या चहाच्या वेळी इतर कोणत्याही विषयापेक्षा त्याचीच चर्चा अधिक झाली. १८६४च्या गणनेत ८,१६,५६२ असलेली शहराची लोकसंख्या १८७२ मध्ये ६,४४,४०५ वर आली होती, एवढ्यावरून त्या पडझडीची कल्पना यावी.

दलाल मात्र टिकले. वडाखालून मेडोज स्ट्रीट, तिथून १८७४ मध्ये आजची दलाल स्ट्रीट, आणि ९ जुलै १८७५ रोजी त्यांनी आपली संघटना, म्हणजेच आजचा मुंबई शेअर बाजार, रीतसर स्थापन केली. एक रुपया प्रवेश शुल्क आणि ३१८ सभासद, ही त्या संघटनेची सुरुवातीची नोंद सांगितली जाते. आज तिथे दिसणारा फिरोज जीजीभॉय टॉवर १९८० मध्ये पूर्ण झालेला २९ मजली मनोरा आहे. १२ मार्च १९९३च्या बॉम्बस्फोटानंतर आणि विशेषतः पुढच्या काळात सुरक्षा इतकी वाढली की सामान्य माणसाला रस्त्यावरूनच पाहावे लागते. १९९५ मध्ये व्यवहार संगणकावर गेले आणि ओरडून बोली लावणाऱ्यांचा तो सभागृहभर आवाज बंद झाला. नॅशनल स्टॉक एक्स्चेंज आणि शेअर बाजारांवर देखरेख ठेवणारी सेबी वांद्रे-कुर्ला संकुलात गेल्यामुळे फोर्टचे महत्त्व कसे विरळ होत गेले, हेही त्यांनी सांगितले, पण ते धावते होते. गेल्या तीस वर्षांतल्या या बदलाला अधिक वेळ द्यायला हवा होता असे मला वाटते. आमच्या तरुण कर्मचाऱ्यांनी शेअर घेतले आहेत ते मोबाइलवर, आणि त्यांना दलाल स्ट्रीट हे केवळ बातम्यांतले नाव आहे.

आता मुख्य उणीव सांगतो. आमच्या ज्येष्ठ संचालकांपैकी एकांनी, ज्यांच्या घरी बैलहोंगलकडे पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिकतो, दलाल स्ट्रीटच्या कोपऱ्यावर विचारले, "अहो मॅडम, कापूस पिकवला आमच्याकडच्या लोकांनी, आणि ह्या सगळ्या गोष्टीत शेतकरी एकदासुद्धा आला नाही, असं कसं ओ?" प्रश्न रागाचा नव्हता आणि बाईंनीही तो मनावर घेतला. खरोखरच, तीन तासांच्या कथनात कापूस बंदरावर येतो तेथपासून सुरू झाला. तो कुठून आला, कोणत्या घाटाने उतरला, कोणत्या सावकाराच्या उचलीवर पेरला गेला, याचा उल्लेख नव्हता.

हा उल्लेख फोर्टच्या इतिहासाबाहेरचा नाही. १८४०च्या दशकात धारवाड भागात अमेरिकन बियाण्याचा कापूस रुजवण्याचे सरकारी प्रयत्न झाले आणि तो 'धारवाड-अमेरिकन' या नावाने बाजारात ओळखला जाऊ लागला. कुमठा बंदरातून जाणाऱ्या देशी कापसाला व्यापारी 'कुमठा' असेच म्हणत. रेल्वे येण्यापूर्वी आपल्या भागातला माल बैलगाड्यांनी आंबोलीच्या घाटातून वेंगुर्ल्याला किंवा दक्षिणेकडे कुमठ्याला उतरून गलबतांनी मुंबईला जाई. मुंबईत शेअरचे भाव चढत होते तेव्हा गावोगावच्या शेतकऱ्यालाही भरघोस भाव मिळत होता आणि त्या भावाच्या भरवशावर सावकार त्याला हात सैल सोडून कर्ज देत होता. भाव पडले तेव्हा शेअरवाल्याचा कागद रद्दी झाला, पण शेतकऱ्याचा कर्जरोखा रद्दी झाला नाही. दलालांची संघटना स्थापन झाली त्याच १८७५ साली, तिच्या जेमतेम दोन महिने आधी, मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे हिसकावून जाळले आणि दंग्यांचे लोण नगर जिल्ह्यात पसरले. सारावाढ, दुष्काळ, न्यायालयांची रीत अशी त्यामागे इतरही कारणे होती. तरी कापसाची तेजी आणि मंदी हे त्यांपैकी एक होते, आणि एकाच वर्षातल्या या दोन घटना एका श्वासात सांगितल्या तर ऐकणाऱ्याला फोर्टमधल्या दगडी इमारती अधिक खोलवर समजतील.

याच धाग्याचे दुसरे टोक तर आमच्या पायाखाली होते आणि ते दाखवले गेले नाही. शेतकऱ्याला सावकाराच्या विळख्यातून सोडवण्यासाठी १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा आला आणि १९०५ मध्ये तेव्हाच्या धारवाड जिल्ह्यातील, गदगजवळच्या कणगिनहाळ गावी सिद्धनगौडा पाटील यांच्या पुढाकाराने या देशातील पहिल्या कृषी सहकारी पतसंस्थांपैकी एक उभी राहिली. अशा संस्थांना पैसा पुरवण्यासाठी १९११ मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लूभाई सामळदास यांनी मुंबईत बॉम्बे सेंट्रल को-ऑपरेटिव्ह बँक सुरू केली. आजची महाराष्ट्र राज्य सहकारी बँक ती हीच, आणि तिचे मुख्य कार्यालय फोर्टमध्येच, ठाकरसींच्या नावाच्या इमारतीत, काळा घोड्याच्या बाजूच्या एका गल्लीत आहे. १९५६च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, त्यामुळे आपल्याकडील सहकारी पतपुरवठ्याची शिखर बँकही मुंबईतच होती. दलाल स्ट्रीटपासून ती गल्ली पायी दहा मिनिटांवर असूनही मार्गात नाही. सहल संपल्यावर आम्ही आपले आपण तिथे गेलो आणि इमारतीवरचे ठाकरसींचे नाव वाचताना आमच्या व्यवस्थापकांचा कंठ दाटून आला, कारण त्यांच्या वडिलांनी जिल्ह्याच्या सहकार खात्यात नोकरी करताना या बँकेशी पत्रव्यवहार केला होता.

आणखी एक खूण आमच्या भागाची. गोकाकच्या धबधब्यावर घटप्रभेच्या पाण्याच्या जोरावर १८८७ मध्ये सुरू झालेल्या सूतगिरणीचा कारभार दीर्घकाळ फोर्ब्ज कंपनीकडे होता. ही पेढी १७६७ पासून मुंबईत व्यापार करत आली आणि तिची इमारत फोर्टमध्येच आहे. आमच्या गटातील गोकाकच्या एका भगिनीने हे सांगितले तेव्हा मार्गदर्शिकाबाईंनी वही काढून ते टिपून घेतले. शिकवणाऱ्याने शिकण्याची तयारी ठेवावी, हे मला या सेवेचे सर्वांत मोठे बलस्थान वाटते.

व्यवस्थेतील काही गोष्टी सुधारायला हव्यात. सोबत दिलेली नकाशाची पुस्तिका पूर्णपणे इंग्रजीत आहे. मराठी मार्गदर्शक देणाऱ्या संस्थेने पुस्तिकाही मराठीत छापावी. मार्गावर महिलांसाठी स्वच्छतागृहाची सोय एकाच ठिकाणी, इराणी हॉटेलातल्या चहाच्या वेळी होते आणि ती बरीच उशिरा येते. टाउन हॉलच्या उंच पायऱ्या गुडघे दुखणाऱ्यांना झेपत नाहीत, त्यांनी समोरच्या बागेत बसून कानातल्या यंत्रावरून ऐकावे, ते तिथवर ऐकू येते. बन-मस्का आणि चहा शुल्कातच धरलेला आहे. शुल्क थोडे जास्त वाटते, पण मोठ्या गटाला सवलत मिळते आणि जे मिळते त्याच्या मानाने ते वाजवी आहे.

दिवस निवडताना विचार करावा. रविवारी सकाळी रस्ते मोकळे असतात आणि इमारती निवांत पाहता येतात, म्हणून बहुतेक गट तोच दिवस घेतात. आम्ही मात्र कामाचा दिवस घेतला आणि मला तो निर्णय योग्य वाटतो. डब्यांच्या पिशव्या, फायली घेऊन निघालेले शिपाई, पानपट्टीसमोर भाव बोलणारे लोक, यांच्यावाचून दलाल स्ट्रीट म्हणजे नुसत्या भिंती. रिझर्व्ह बँकेचे चलन संग्रहालय सर फिरोजशहा मेहता रस्त्यावर जवळच आहे. ते पदभ्रमंतीत धरलेले नाही, पण दुपारी स्वतंत्रपणे अवश्य पाहावे. सोमवारी ते बंद असते, म्हणून मंगळवार ते शुक्रवार यांपैकी एखादा दिवस ठरवावा.

परत आल्यावर आम्ही संस्थेला सविस्तर पत्र पाठवले आणि कापसाचा घाटमार्ग, सुप्याचे दंगे व सहकारी बँकेची गल्ली या तीन गोष्टी मार्गात घालाव्यात असे सुचवले. त्यांचे उत्तर आले आहे. नेहमीच्या मार्गात एवढा बदल लगेच करता येणार नाही, पण सहकारी संस्थांचे गट नोंदणीच्या वेळीच तसे सांगतील तर काळा घोड्याकडची गल्ली धरून अर्ध्या तासाचा जादा टप्पा विनाशुल्क घेतला जाईल, असे त्यांनी कळवले आहे. बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर भागातल्या ज्या सोसायट्या यंदा अभ्यास दौरा ठरवत असतील, त्यांनी फोन करताना हा जादा टप्पा आवर्जून मागावा आणि मार्गदर्शक मराठीच हवा, हेही त्याच वेळी सांगून ठेवावे.